वामनवृक्ष : बंधन कीं आश्रय?

आमच्या शेजारचा एक जुना वाडा गेल्या वर्षीं पाडण्यांत आला. वाडा गेला, विहीर बुजली, आणि विहिरीच्या कडेला उभें असलेलें डाळिंबाचें जुनें झुडूपहि त्याच दिवशीं कुऱ्हाडीखालीं जावयाचें. परंतु आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें तें मुळांसकट उकरून काढलें आणि ओल्या पोत्यांत गुंडाळून घरीं नेलें. खोड मांडीएवढें जाड, पीळ पडलेलें, एका बाजूनें वाळून पांढरें झालेलें. अशा खोडाचा वामनवृक्ष उत्तम होतो असें त्यानें कोठें तरी वाचलें होतें. त्याच्या आजीबाईंना मात्र हा बेत मुळींच पसंत नव्हता. "अरे, वाचवलंस तें पुण्य केलंस. आतां त्याला थाळीएवढ्या कुंडींत कोंडून तारा आवळणार, म्हणजे केलेलं पुण्य धुऊन टाकणार!" असें त्यांचें म्हणणें. वाद मिटेना, तेव्हां निवाडा आमच्याकडे आला.

आम्ही माळी नव्हे कीं वनस्पतिशास्त्रज्ञहि नव्हे. इतिहास शिकविण्यांत आमचें आयुष्य गेलें. म्हणून संवयीप्रमाणें आम्ही इतिहासाकडे वळलों, आणि मोठें नवल वाटलें तें हें कीं, आजीबाईंचा आक्षेप कांहीं नवा नाहीं. ज्या देशांत ही कला जन्मली आणि ज्या देशांत ती वाढली, त्या दोन्ही देशांतील विचारी माणसांनीं तोच आक्षेप शेंकडों वर्षांपूर्वीं घेतला होता. हा जुना खटला वाचकांपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम शब्दाविषयीं. 'बोन्साय' हा शब्द जपानी म्हणून जगभर गाजला, पण त्याचीं दोन्ही अक्षरें चिनी आहेत. 'बोन' म्हणजे उथळ पात्र, 'साय' म्हणजे लावणें. जपानांत पूर्वीं याच वस्तूला 'हाची-नो-की', म्हणजे साधें 'कुंडींतलें झाड' म्हणत. बोन्साय हें नांव सर्वांच्या तोंडीं बसलें तें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. मराठींत आपण 'वामनवृक्ष' म्हणतों. शब्द मोठा सुरेख आहे, परंतु थोडा फसवाहि आहे. पुराणांतला वामन स्वेच्छेनें लहान झाला होता, आणि मनांत येतांच त्यानें तीन पावलांत त्रैलोक्य व्यापलें. कुंडींतलें झाड स्वेच्छेनें लहान झालेलें नसतें, आणि त्याची जातहि खुजी नसते. त्याचें बीं मोकळ्या रानांत पेरलें तर त्यापासून इतर झाडांएवढेंच झाड होतें. त्याचा लहानपणा हा मुळें व फांद्या यांवर वर्षानुवर्षें चाललेल्या मानवी हाताचा परिणाम होय. सगळ्या वादाचें मूळ येथेंच आहे.

या कलेचा एक फार जुना चित्रमय पुरावा चीन देशांतील शेन्शी प्रांतांत एका थडग्यांत मिळाला आहे. हें थडगें युवराज चांगह्वाय याचें. सम्राज्ञी वू हिचा हा पुत्र. आईच्या राज्यतृष्णेपायीं त्याला प्रथम हद्दपारी भोगावी लागली आणि इ. स. ६८४ मध्यें आत्महत्या करणें भाग पडलें. पुढें वारें फिरल्यावर ७०६ सालीं त्याचे अवशेष सन्मानानें राजघराण्याच्या दफनभूमींत आणून पुरण्यांत आले. १९७१-७२ सालीं हें थडगें उघडण्यांत आलें, तेव्हां भिंतीवरील चित्रांत एक सेवक दोन्ही हातांनीं एक तबक धरून चाललेला आढळला. त्या तबकांत लहान लहान दगड आहेत आणि त्यांमधून उगवलेलीं फळांनीं भरलेलीं चिमुकलीं झाडें आहेत. तेराशें वर्षांपूर्वींच्या त्या चित्रांतहि झाडाला फळ आहे, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

बौद्ध भिक्षूंच्या व व्यापाऱ्यांच्या येरझारांबरोबर ही आवड चीनमधून जपानांत गेली. १३०९ सालच्या एका प्रसिद्ध जपानी चित्रपटांत श्रीमंताच्या अंगणांत मांडलेलीं कुंडींतलीं झाडें दिसतात. म्हणजे चौदाव्या शतकाच्या आरंभीं हा षोक तेथें चांगलाच रुजला होता. आणि पहिला साक्षीदार याच काळांत पुढें येतो.

क्योतोच्या दरबारांत हिनो सुकेतोमो नांवाचा एक सरदार होता. त्याला वांकड्यातिकड्या खोडांचीं झाडें जमविण्याची फार हौस. योशिदा केन्को या भिक्षूनें सुमारें १३३० सालीं लिहिलेल्या 'त्सुरेझुरेगुसा' या निबंधसंग्रहांत त्याची एक हकीकत दिली आहे. एकदां पाऊस आला म्हणून सुकेतोमो तोजी मंदिराच्या वेशीखालीं उभा राहिला. तेथें हातपाय वांकलेले, अंग पिळवटलेले भिकारी आश्रयाला आले होते. त्यांचें वैचित्र्य प्रथम त्याला मोठें मनोरंजक वाटलें. पण पाहतां पाहतां त्याचें मन विटलें, आणि साध्या, सरळ, नित्याच्या वस्तूच चांगल्या असें त्याला वाटूं लागलें. घरीं परतल्यावर आपल्या कुंड्यांकडे पाहतांच त्याला कळून चुकलें कीं, या झाडांवरचें आपलें प्रेम आणि मघांचें तें कुतूहल यांत कांहींच अंतर नाहीं. त्यानें सगळीं झाडें उपटून फेंकून दिलीं. त्या दुर्दैवी माणसांकडे पाहण्याची त्याची दृष्टि आज आपणांस रुचणार नाहीं. परंतु दुसऱ्याच्या व्यंगांत आपण रस घेत आहों हें स्वतःशीं कबूल करण्याचें धैर्य त्याच्या अंगीं होतें, हें मान्य केलें पाहिजे. हाच सुकेतोमो पुढें कामाकुरा येथील लष्करी सत्तेविरुद्ध केलेल्या कटांत सांपडला आणि हद्दपारींत असतां १३३२ सालीं मारला गेला.

दुसरा साक्षीदार नाटकांतला आहे. 'हाची-नो-की' याच नांवाचें एक जुनें नो नाटक आहे. कोझुके प्रांतांत बर्फाच्या वादळांत सांपडलेला एक भिक्षु एका पडक्या झोंपडींत आसरा मागतो. झोंपडीचा मालक सानो त्सुनेयो एके काळचा जहागीरदार. भाऊबंदांनीं जमीन लुबाडल्यामुळें तो आतां राळ्याच्या भातावर दिवस काढीत आहे. पूर्वीं त्याच्याजवळ पुष्कळ वामनवृक्ष होते. ते त्यानें एक एक करून देऊन टाकले. उरले आहेत तीन : उमे, म्हणजे जर्दाळूच्या कुळांतलें फळझाड, एक चेरी आणि एक पाईन. रात्र वाढते, थंडी असह्य होते, घरांत सरपण नाहीं. तेव्हां तो पाहुण्यास ऊब मिळावी म्हणून तिन्ही झाडें तोडून चुलींत घालतो. तो भिक्षु म्हणजे वेषांतर करून हिंडणारा राज्यकर्ता होजो तोकियोरी होता, हें पुढें उघड होतें. यजमानाला त्याची जमीन परत मिळते. शिवाय उमे, चेरी व पाईन यांच्या नांवांचीं तीन गांवें इनाम मिळतात.

तोकियोरी ऐतिहासिक आहे. १२४६ ते १२५६ पर्यंत तो कामाकुराचा कारभारी होता. प्रसंग मात्र दंतकथेंतला. परंतु दंतकथाहि समाजाचें मन सांगते. सुकेतोमोनें झाडें फेंकलीं तीं किळस आली म्हणून. त्सुनेयोनें जाळलीं तीं जिवापाड प्रिय असूनहि. प्रेक्षकांचें काळीज हलतें तें झाडांच्या मोलामुळें. कुंडींतलें झाड हें विकृत खेळणें नसून सर्वस्व गेल्यावरहि जवळ ठेवावें असें कांहीं तरी आहे, हें त्या नाटकानें गृहीतच धरलें आहे.

तिसरा साक्षीदार चिनी आहे आणि त्याची साक्ष सर्वांत कठोर आहे. गोंग झीझेन (१७९२-१८४१) हा मोठा कवि व पंडित. १८३९ सालीं बादशाही नोकरी सोडून तो पेकिंगहून आपल्या दक्षिणेकडील प्रांतांत परतला. त्याच वर्षीं त्याचा मित्र लिन झेश्यू यानें कँटनजवळ इंग्रज व्यापाऱ्यांकडून जप्त केलेल्या अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या नष्ट केल्या. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेली माळव्याची अफूहि होती. साम्राज्य आंतून पोखरलें आहे हें गोंगला दिसत होतें. त्या वर्षीं त्यानें एक लहानसा निबंध लिहिला, त्याचें नांव 'आजारी उमेवृक्षांच्या मंडपाची हकीकत'. नानकिंग, सूचौ, हांगचौ येथील उमेवृक्ष प्रसिद्ध. पण रसिक पंडितांनीं ठरविलें कीं, वांकडें तें सुंदर, सरळ तें नीरस. विरळ तें सुंदर, दाट तें ग्राम्य. ही आवड उघड हुकूम काढून लादतां येत नाहीं. म्हणून ती हळूच विक्रेत्यांच्या कानीं घालण्यांत आली. विक्रेत्यांनीं सरळ फांद्या तोडल्या, कोंवळे कोंब खुडले, झाडें पिळून बांधलीं आणि भाव वाढविला. परिणाम असा कीं, त्या प्रांतांतले सगळे उमे आजारी झाले. गोंगनें अशा तीनशें कुंड्या विकत घेतल्या. एकहि झाड निरोगी नव्हतें. तो तीन दिवस रडला. मग त्यानें कुंड्या फोडल्या, ताडाच्या दोऱ्यांचीं बंधनें सोडलीं, झाडें जमिनींत लावलीं आणि पांच वर्षांत त्यांना बरें करण्याचा संकल्प सोडला.

हा निबंध झाडांविषयीं जितका, तितकाच माणसांविषयीं आहे. परीक्षांच्या ठरीव सांच्यांतून बुद्धिमान तरुणांना पिळून काढणारी राज्यव्यवस्था त्याच्या डोळ्यांपुढें होती. आम्हां शिक्षकांना तर तो वाचून मान खालीं घालावी लागते. सरळ वाढणारी किती कोंवळीं बुद्धि गुणांच्या भावासाठीं आपण आवळून बांधतों, याचा हिशेब कोण देणार?

तीन साक्षी झाल्या. आतां त्यांचा मेळ कसा घालावयाचा? आमच्या मतें गोंगच्या साक्षींतच उत्तराची किल्ली आहे. त्यानें दोष दिला तो कापण्याला नव्हे. फळबागेचा माळीहि दरवर्षीं फांद्या कापतोच. गोंगचा राग होता तो निरोगी, सरळ झाडाला केवळ बाजारासाठीं आजारी करण्याबद्दल. पण जें झाड वाऱ्यानें, बर्फानें, गुरांच्या तोंडानें किंवा कुऱ्हाडीनें आधींच वांकलें आहे, त्याचें काय?

जपानांत अशा रानांतून उचलून आणलेल्या झाडांना 'यामादोरी' म्हणतात. त्यांचें शास्त्र सुकेतोमोच्या हौसेहून फार निराळें आहे, आणि त्यांत मुख्य गुण धीराचा. झाड सुप्तावस्थेंत असतां उकरावें. जाड मुळें कापलीं तरी केंसासारखीं बारीक मुळें शक्य तितकीं जपावीं, कारण पाणी पितात तीं तींच. मुळें कमी झालीं म्हणजे वरचा पसाराहि त्या मानानें कमी करावा. पाण्याचा निचरा होईल अशा भरड मातींत लावून, वारा व कडक ऊन यांपासून जपून, त्याला स्वस्थ राहूं द्यावें. जपानांत यासाठीं कांतो प्रदेशांतली दाणेदार ज्वालामुखी माती वापरतात. आपल्याकडे विटांचा चुरा, जाडी वाळू व कुजलेला पालापाचोळा यांवर काम भागतें. एक-दोन वर्षें, कधीं अधिकहि, त्याला तार लावूं नये कीं उथळ कुंडी दाखवूं नये. नव्या फुटीला जोम आला म्हणजेच पुढचा विचार. आणि तेव्हांहि एकाच हंगामांत मुळें व फांद्या दोहोंवर शस्त्र चालवूं नये. वाळलेला भाग लपविण्याऐवजीं तो स्वच्छ करून राखण्याची त्यांची चाल आहे. झाडानें सोसलें तें झांकावयाचें नाहीं, असा त्यांतला भाव.

झुडूप फळाचें असेल तर जबाबदारी आणखी वाढते. मुळें आखडलीं कीं पानें लहान होतात, पण फळ लहान होत नाहीं. तें आपल्या जातीच्या आकारानेंच येतें. म्हणून जपानी लोक लहान फळांच्या जाति निवडतात. होली व पर्सिमन यांच्या ज्या जाति ते कुंडींत लावतात, त्यांचीं नर-मादी झाडें वेगळीं असल्यामुळें फळांसाठीं जवळ नर झाड ठेवावें लागतें. डाळिंबाचें फूल नव्या फुटीच्या टोंकाला येतें. आकाराच्या हौसेनें प्रत्येक शेंडा खुडला तर फुलेंच नाहींशीं होतात. फार फळें राहूं दिलीं तर झाड थकतें. म्हणजे येथें माळ्याच्या सौंदर्यदृष्टीला झाडाच्या धर्माशीं रोज तडजोड करावी लागते. नुसत्या हिरव्या झाडावर जबरदस्ती खपून जाते. फळझाड ती खपवून घेत नाहीं.

डाळिंबाची गोष्ट निघाली म्हणून थोडें विषयांतर. इराणच्या बाजूनें हें फळ चीनांत गेलें आणि तेथें भरल्या गोकुळाचें चिन्ह बनलें. शानतुंग प्रांतांतील यीछंग येथें जुन्या डाळिंबबागांतील म्हाताऱ्या खोडांचे वामनवृक्ष करण्याची मोठी प्रथा आहे. जपानांत लेंकुरांची रक्षणकर्ती म्हणून पुजल्या जाणाऱ्या किशिमोजिन देवीच्या हातांत डाळिंब असतें. ही देवी म्हणजे आपली हारीती यक्षिणी. तिची मूर्ति अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यांत आजहि पाहावयास मिळते.

आणि आपल्या नाशिक-सोलापूरकडील डाळिंबकरी शेतकरी काय करतो? आंबे बहार, मृग बहार किंवा हस्त बहार धरण्यापूर्वीं तो झाडाला 'ताण' देतो. पाणी तोडतो, पानें गळूं देतो, आणि मग पाणी सोडतो. बाग फुलांनीं लाल होते. यास कोणी क्रौर्य म्हणत नाहीं. मात्र जाणत्या शेतकऱ्याला हेंहि ठाऊक असतें कीं, मरावयास टेंकलेलें झाडहि एखादे वर्षीं असेंच लगडतें. म्हणून एका वर्षाचा बहार हा निरोगीपणाचा पुरावा नव्हे. वर्षानुवर्षें नेमानें येणारी फूट, नेमानें येणारें फूल आणि दीर्घ आयुष्य हाच पुरावा. आजार आणि शिस्त यांतला भेद पाहूं इच्छिणाऱ्यास यापेक्षां चांगली कसोटी आम्हांस सुचत नाहीं.

'वाचविणें' या शब्दाचाहि दुरुपयोग होतो, हें येथें सांगितलें पाहिजे. विसाव्या शतकांत जपानच्या इशिझुची व इतोइगावा येथील कड्यांवरून जुनिपरचीं शेंकडों वर्षांचीं झाडें दोरांवर लोंबकळून काढण्यांत आलीं, आणि ते कडे जवळजवळ ओके झाले. त्या झाडांना कोणाचाहि धोका नव्हता; धोका होता तो वाचविणाऱ्यांचाच. पाडावयाच्या वाड्यांतलें डाळिंब आणि कड्यावर सुखानें नांदणारें झाड यांना एकच न्याय लावतां येणार नाहीं.

१ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानें व आगीनें तोकियो उद्ध्वस्त झालें, तेव्हां तेथील कांहीं माळी मोकळ्या हवेच्या शोधांत ओमिया येथें गेले आणि १९२५ सालीं त्यांनीं वामनवृक्षांचें एक गांवच वसविलें. तेथें राहावयास येणाऱ्यानें निदान दहा वामनवृक्ष पाळावे, घर दुमजली बांधूं नये, भिंतीऐवजीं जिवंत कुंपण करावें, आणि आपलें फाटक सर्वांसाठीं उघडें ठेवावें, असे नियम होते. १९३४ पासून तोकियोच्या वेनो उद्यानांतील कलासंग्रहालयांत मोठें वार्षिक प्रदर्शन भरूं लागलें. पुढें महायुद्ध आलें. माणसांनाच खावयाची भ्रांत, तेथें झाडांची काय कथा?

त्या काळांतली एकच कथा सांगतों. हिरोशिमा येथें यामाकी नांवाच्या घराण्यांत एक पांढरा पाईन होता. १६२५ पासून तो कुंडींत जोपासला जात होता. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं अणुबाँब पडला तेव्हां तो स्फोटस्थानापासून सुमारें ३ किलोमीटरवर, रोपवाटिकेच्या भिंतीच्या आडोशाला होता. घरचीं माणसें वांचलीं, झाडहि वांचलें. १९७६ सालीं अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशें वर्षें झालीं, तेव्हां जपाननें त्या राष्ट्राला ५३ वामनवृक्ष भेट दिले. त्यांत मासारू यामाकी यांनीं हें झाड दिलें. त्याची पूर्वकथा कोणी बोललें नाहीं. २००१ सालीं यामाकींचे नातू वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानांत आजोबांचें झाड पाहावयास गेले, तेव्हां ती उजेडांत आली. ज्या राष्ट्रानें बाँब टाकला, त्याच राष्ट्राचे माळी पंचवीस वर्षें त्या झाडाला रोज पाणी घालीत होते.

या रोजच्या पाण्यांतच आमच्या मतें खटल्याचा निकाल आहे. जमिनींतलें झाड आपलें पाणी आपण शोधतें. कुंडींतलें झाड तें करूं शकत नाहीं. उन्हाळ्यांत दोन दिवसांची हयगय झाली तरी त्याचा अंत ओढवतो. म्हणजे झाडाला बांधणारा स्वतःहि बांधला जातो. तो बांधला जाण्यास तयार नसेल, तर सुकेतोमोप्रमाणें त्यानें कुंड्यांचा नाद सोडावा हेंच बरें. तो तयार असेल, आणि झाड खरोखरच निराश्रित असेल, तर कुंडीला तुरुंग म्हणण्याचें कारण नाहीं.

आम्ही निवाडा दिला तो असा : जेथें जमीन मिळेल तेथें झाड जमिनींतच लावावें, हा गोंगचा न्याय पहिला. पण शहरांत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याजवळ जमीन कोठली? तेव्हां दोन वर्षें मोठ्या कुंडींत निव्वळ विश्रांति. त्यानंतर झाड देईल तेवढाच आकार. फुलें येऊं लागलीं तर शेंडे राखावे. आणि ज्या वर्षीं झाड थकलेलें दिसेल, त्या वर्षीं हौस गुंडाळून ठेवावी. विद्यार्थ्याला हें फार संथ वाटलें, आजीबाईंना फार सैल वाटलें. यावरून निवाडा फारसा चुकला नसावा असें वाटतें.

परवां आम्ही तें डाळिंब पाहून आलों. गच्चीवरच्या मोठ्या कुंडींत त्याला तांबूस फूट आली आहे. तार अजून विकत आणलेली नाहीं. सकाळचें पाणी आजीबाईच घालतात.